दूध पिताना किंचाळणारं बाळ, धावताना कोसळणारा मुलगा: जन्मजात करोनरी दोष आणि त्यांवरच्या शस्त्रक्रिया

दोन-अडीच महिन्यांचं बाळ दूध ओढायला लागतं आणि दोन-चार मिनिटांतच तोंड बाजूला करून किंचाळतं. अंग पांढरं पडतं, कपाळावर घाम येतो, श्वास भराभर चालतो. जरा शांत झालं की भुकेपोटी पुन्हा ओढतं आणि पुन्हा तेच. घरात ग्राइप वॉटर होतं, पोटाला हिंग लावून होतो, कारण मुरडाच वाटतो. डॉक्टरांकडे नेलं तर कफाचं औषध सुरू होऊ शकतं, कारण धाप दिसते. अशी बहुतेक बाळं खरोखरच पोटदुखीची किंवा सर्दीचीच असतात. पण एखाद्याच्या बाबतीत ते रडणं छातीत दुखण्याचं असतं. म्हाताऱ्या माणसाला जिना चढताना जी कळ येते, तीच ही कळ. तान्ह्या बाळाचा सर्वांत मोठा व्यायाम म्हणजे दूध ओढणं, आणि त्याच्या हृदयाच्या स्नायूला तेवढ्या व्यायामापुरतंही रक्त मिळत नसतं.

दुसरं चित्र याच्या अगदी उलट. पंधरा-सोळा वर्षांचा धडधाकट मुलगा, कधी आजारी न पडलेला, मैदानावर धावता धावता कोसळतो.

दोघांच्याही हृदयाला रक्त पुरवणारी करोनरी धमनी जन्मतःच भलत्या जागी उगवलेली असते. पण एकाची धमनी भलत्याच नळाला जोडलेली असते, तर दुसऱ्याची योग्य नळाला पण भलत्या बाजूनं आणि तिरकी. हा फरक नीट कळला की दोघांच्या शस्त्रक्रिया इतक्या वेगळ्या का, हे आपोआप उलगडतं. करोनरी म्हटलं की आपल्याकडे लगेच ‘बायपास’ हा शब्द तोंडात येतो. या दोन्ही मुलांसाठी बायपास हे सहसा पहिलं उत्तर नसतं. त्याचं कारण पुढे येईल.

नेहमीची मांडणी

हृदयातून दोन मोठे नळ निघतात. महाधमनी शुद्ध रक्त शरीराला नेते, फुप्फुसधमनी अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे नेते. महाधमनीच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते आणि प्रत्येक पाकळीमागे भिंतीला एक फुगीर खळगा असतो. त्याला सायनस म्हणतात. डाव्या सायनसमधून डावी करोनरी निघते, उजव्यातून उजवी, तिसरा रिकामा असतो. डावी करोनरी लगेच दुभंगते आणि डाव्या कप्प्याचा, म्हणजे साऱ्या शरीराला रक्त ढकलणाऱ्या स्नायूचा, मोठा भाग पोसते.

दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर पुढचं सगळं सोपं जातं. डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा मिळतं, आकुंचन पावताना नाही. आणि हा स्नायू विश्रांतीतसुद्धा आलेल्या रक्तातला बहुतेक प्राणवायू काढून घेतो. पायाच्या स्नायूला गरज वाढली तर तो त्याच रक्तातून जास्त प्राणवायू ओढू शकतो. हृदयाला ती सोय नाही. त्याला जास्त हवं असेल तर जास्त रक्तच यावं लागतं, जोराच्या व्यायामात चार-पाच पट.

अल्कापा: धमनी फुप्फुसधमनीला जोडलेली

डावी करोनरी महाधमनीऐवजी फुप्फुसधमनीतून निघते, त्या दोषाला इंग्रजी आद्याक्षरांवरून अल्कापा म्हणतात. साधारण तीन लाख जन्मांमागे एक, इतका हा दुर्मीळ आहे. १८८६ मध्ये ब्रूक्स यांनी अशा दोन हृदयांची नोंद केली होती. तान्ह्या बाळातलं रोगाचं चित्र १९३३ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड यांनी मांडलं, म्हणून जुन्या पुस्तकांत हा दोष त्यांच्या नावानं सापडतो.

गर्भात काहीच बिघडत नाही. तेव्हा फुप्फुसं काम करत नसतात, फुप्फुसधमनीतला दाब महाधमनीइतकाच असतो आणि दोन्हींतलं रक्तही फारसं वेगळं नसतं. करोनरीला कोणत्या नळातून रक्त येतंय याचा फरकच पडत नाही. म्हणून जन्मल्यावर बाळ गुटगुटीत असतं आणि पहिल्या तपासणीत काही सापडत नाही. पुढच्या काही आठवड्यांत फुप्फुसांतला रोध उतरतो, फुप्फुसधमनीतला दाब कोसळतो आणि डाव्या करोनरीला मागून रेटाच उरत नाही. स्नायूला अशुद्ध रक्त मिळतं म्हणून हा त्रास होतो, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते अर्धवट आहे. खरा शत्रू रंग नाही, दाब आहे.

त्यापुढची पायरी आणखी वाईट. उजवी करोनरी ठीक जागी असते, तिच्यात दाब असतो. ती बारीक जोडवाहिन्यांतून डावीकडे रक्त पाठवू लागते. ते रक्त स्नायूत शिरण्याऐवजी सोप्या वाटेनं डाव्या करोनरीतून उलटं वाहत फुप्फुसधमनीत सांडतं. सोसायटीतल्या सगळ्यात खालच्या मजल्यावरचा नळ सताड उघडा राहिला तर वरच्यांना पाणी चढत नाही, तसा हा प्रकार. याला रक्ताची चोरी असंच म्हणतात. डाव्या कप्प्याचा स्नायू उपाशी पडतो, कप्पा फुगतो, मायट्रल झडपेचे (डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप) दोर ज्या स्नायूच्या खुंट्यांना बांधलेले असतात त्या दुबळ्या होतात आणि झडप गळू लागते. शस्त्रक्रिया न झालेल्या बाळांपैकी जवळजवळ नव्वद टक्के पहिल्या वर्षात दगावतात. ज्यांच्या जोडवाहिन्या फार चांगल्या असतात अशी थोडी मुलं मोठी होतात, पण तारुण्यात अचानक मृत्यूचा धोका त्यांच्या मानगुटीवर बसलेलाच असतो. म्हणून प्रौढपणी सापडलेला अल्कापाही, त्रास असो वा नसो, दुरुस्त करतात.

निदान चुकतं ते ठरलेल्या जागी. एक्स-रेमध्ये हृदय मोठं, टूडी इकोमध्ये पंपिंग २० टक्के, आणि कागदावर शेरा पडतो ‘स्नायूचा आजार, औषधं चालू ठेवा’. फुगलेल्या, दुबळ्या हृदयाच्या प्रत्येक तान्ह्या बाळात दोन्ही करोनरींची तोंडं इकोमध्ये प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय हा शेरा मारू नये. सुगावे भरपूर असतात. ईसीजीत लीड १, एव्हीएल आणि व्ही ४ ते व्ही ६ मध्ये खोल क्यू लहरी दिसतात, म्हणजे हार्ट अटॅकची खूण. इकोत उजवी करोनरी प्रमाणाबाहेर जाड दिसते, झडपेच्या खुंट्या पांढऱ्या चमकतात आणि कलर डॉप्लरमध्ये डाव्या करोनरीतला प्रवाह उलटा, फुप्फुसधमनीकडे जाताना दिसतो. शेवटची खूण सापडली की बहुधा आणखी काही लागत नाही. शंका राहिली तर सीटी अँजिओ.

इथे औषधांनी वाट पाहण्यात अर्थ नाही. निदान झालं की बाळाला स्थिर करून लगेच, बहुधा काही दिवसांतच, शस्त्रक्रिया. त्या मधल्या काळात एक चांगल्या हेतूची चूक टाळावी लागते. धाप लागलेल्या बाळाला भरपूर ऑक्सिजन द्यावासा वाटतो, व्हेंटिलेटरवर श्वासही जोरात दिले जातात. दोन्हींनी फुप्फुसांतला रोध आणखी उतरतो आणि चोरी वाढते. म्हणून ऑक्सिजन गरजेपुरताच, आणि महाधमनीतला खालचा दाब टिकवणं महत्त्वाचं.

शस्त्रक्रिया कशी घडत गेली

सुरुवातीची युक्ती साधी होती: डावी करोनरी फुप्फुसधमनीपाशी बांधून टाकायची, म्हणजे सांडणं बंद. १९६० मध्ये सॅबिस्टन, नील आणि टॉसिग यांनी दाखवलं की ती दाबून धरली तर तिच्यातला दाब वाढतो, म्हणजे रक्त खरोखर उलटंच वाहत असतं. चोरी थांबली, काही बाळं वाचली. पण सगळं हृदय एकाच करोनरीवर सोडलेलं, त्यामुळे पुढे अचानक मृत्यू होत राहिले. मग शिरेचा तुकडा लावणं, खांद्याकडची धमनी खाली आणून जोडणं असे प्रयोग झाले. १९७४ मध्ये नेचेस आणि सहकाऱ्यांनी करोनरी थेट महाधमनीत बसवल्याचं प्रसिद्ध केलं. १९७९ मध्ये जपानच्या ताकेउची यांनी वेगळी वाट काढली: महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्यामध्ये एक खिडकी करायची आणि फुप्फुसधमनीच्या आत, तिच्याच भिंतीची झोळी शिवून, खिडकीपासून करोनरीच्या तोंडापर्यंत बोगदा काढायचा.

आता बहुतेक ठिकाणी थेट पुनर्रोपण होतं. त्यामागे आणखी एका शस्त्रक्रियेचं श्रेय आहे. ब्राझीलच्या जातेने यांनी १९७५ मध्ये दोन्ही मोठे नळ अदलाबदल करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. तिच्यात नवजात बाळाच्या दोन्ही करोनरी उचलून दुसरीकडे बसवाव्या लागतात. ती नित्याची झाल्यावर दोन-तीन मिलिमीटरची धमनी हलवण्याची भीती मोडली. ताकेउचीचा बोगदा आता करोनरी फारच लांब, भलत्या कोपऱ्यातून निघत असेल तरच. कारण बोगदा गळू शकतो, बंद होऊ शकतो, आणि फुप्फुसधमनीच्या आतली जागा अडवून तिला अरुंद करतो.

टेबलावर नेमकं काय करतात

छातीचं हाड मधोमध उघडलं जातं. समोर फुगलेलं, फिकट, कसंबसं हलणारं हृदय असतं. नुसता हात लागला तरी लय बिघडू शकते, म्हणून यंत्रावर जाईपर्यंत कोणी उगाच त्याला हलवत नाही. रक्त गोठू नये म्हणून वजनाच्या किलोमागे ३०० ते ४०० युनिट हेपॅरिन दिलं जातं आणि हार्ट-लंग मशीन जोडलं जातं.

मशीन सुरू होताच पहिलं काम म्हणजे फुप्फुसधमनीच्या उजव्या आणि डाव्या फांद्या पट्टी आवळून बंद करणं. हे विसरलं तर मशीनवर फुप्फुसधमनी रिकामी होते, तिच्यातला दाब शून्याकडे जातो आणि चोरी कधी नव्हती इतकी वाढते. उरलासुरला स्नायू तिथेच मरतो. या शस्त्रक्रियेतली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग पडू शकणारी पायरी आहे. त्यासोबत उजव्या वरच्या फुप्फुसशिरेतून डाव्या कप्प्यात एक नळी सरकवतात, म्हणजे दुबळा कप्पा रक्तानं ताणला जात नाही.

हृदय थांबवण्यासाठी कार्डिओप्लेजिया नावाचं थंड द्रावण देतात. डेल निडो मिश्रण असेल तर किलोमागे सुमारे २० मिली. नेहमीच्या शस्त्रक्रियेत ते महाधमनीच्या मुळाशी दिलं की पुरतं. इथे पुरत नाही, कारण डावी करोनरी त्या मुळाशी जोडलेलीच नाही. म्हणून महाधमनीत आणि फुप्फुसधमनीत, दोन्हीकडे द्यावं लागतं, आणि तेवढ्यासाठीही त्या दोन फांद्या आवळलेल्या असाव्या लागतात.

मग फुप्फुसधमनी आडवी कापून आत पाहतात. करोनरीचं तोंड बहुधा महाधमनीला लागून असलेल्या मागच्या सायनसमध्ये असतं, हे नशीबच. तोंडाभोवती भिंतीची रुंद कड ठेवून गोल तुकडा कापतात. त्याला बटण म्हणतात. कड जितकी रुंद तितकं शिवायला सोपं आणि धमनीच्या नाजूक तोंडाला टाका लागण्याची भीती कमी. करोनरीचा सुरुवातीचा भाग आसपासच्या ऊतींपासून मोकळा करतात, पण पहिल्या फांद्यांना धक्का न लावता. महाधमनीच्या डाव्या-मागच्या बाजूला, झडपेच्या पाकळ्या जपून, छिद्र करतात आणि बटण ७-० किंवा ८-० जाडीच्या, केसाहून बारीक प्रोलीन धाग्यानं शिवतात.

सगळा खेळ कोनाचा आणि लांबीचा आहे. धमनी ताणली गेली तर ती चपटी होते आणि टाक्यांतून रक्त येतं. जास्त सैल राहिली तर हृदय भरल्यावर मुडपते. पीळ पडला तर सगळंच फसलं. रिकाम्या, थांबलेल्या हृदयावर जे अंतर दिसतं ते भरलेल्या हृदयावर नसतं, म्हणून जागा आधीच, हृदय भरलेलं असताना, खुणावून ठेवतात. धमनी पोहोचत नसेल तर फुप्फुसधमनीच्याच भिंतीची पट्टी वापरून नळी लांबवतात. ती स्वतःची जिवंत ऊती असल्यानं बाळासोबत वाढते.

करोनरी बसवल्यावर, फुप्फुसधमनी शिवण्याआधी, महाधमनीत पुन्हा कार्डिओप्लेजिया देऊन पाहतात. करोनरी फुगते का, हृदयाचा डावा भाग भरतो का, टाक्यांतून गळतं का? हे तेव्हाच पाहायचं, कारण फुप्फुसधमनी पुढून शिवली की मागच्या टाक्यांपर्यंत बोटही पोहोचत नाही. फुप्फुसधमनीत पडलेली खिंड बाळाच्याच हृदयावरणाचा तुकडा लावून भरतात. तो ताणून लावला तर ती पुढे अरुंद होते, आणि खालून जाणाऱ्या नव्या करोनरीवरही दाब येऊ शकतो.

गळणारी मायट्रल झडप त्याच वेळी दुरुस्त करायची का? यावर एकमत नाही. बहुतेक शल्यचिकित्सक पहिल्या वेळी हात लावत नाहीत, आणि मलाही ते पटतं. झडप मुळात बिघडलेली नसते, तिला धरणारा स्नायू उपाशी असतो. रक्त मिळालं की बहुतेकांत गळती आपोआप कमी होते, आणि दुबळ्या हृदयाला जास्त वेळ थांबवून ठेवण्याची किंमत मोठी असते. फार तीव्र गळतीची गोष्ट वेगळी.

पुढचे आठ दिवस

टाके उत्तम पडले तरी हृदय लगेच उठून बसत नाही. उपाशी स्नायूचा काही भाग मेलेला असतो, पण बराचसा नुसता झोपलेला असतो, आणि त्याला जागं व्हायला वेळ लागतो. तोवर हृदयाला जोर देणारी औषधं, म्हणजे मिल्रिनोन आणि अगदी थोडं अ‍ॅड्रेनलिन, चालू असतात. छाती एक-दोन दिवस उघडी ठेवून वर पातळ पडदा लावतात, म्हणजे सुजलेल्या हृदयाला जागा मिळते. नातेवाईक हे पाहून घाबरतात, पण तो ठरवून घेतलेला निर्णय असतो. पंपिंग फारच कमी असेल तर बाळाला काही दिवस एक्मोवर, म्हणजे खाटेशेजारच्या छोट्या हार्ट-लंग मशीनवर, ठेवतात. म्हणून अल्कापाची शस्त्रक्रिया जिथे होणार तिथे बाळांसाठी एक्मो आहे का, हा प्रश्न आईवडिलांनी निःसंकोच विचारावा.

अचानक लय बिघडली, ईसीजीत एसटी रेषा वर चढली किंवा पंपिंग कालच्यापेक्षा खाली आलं, तर ‘वाट पाहू’ म्हणत बसायचं नसतं. नवी करोनरी मुडपली आहे असं धरून इको करतात आणि गरज पडली तर पुन्हा टेबलावर नेतात. अनुभवी केंद्रांत आज बहुसंख्य बाळं वाचतात आणि महिन्या-महिन्यानं पंपिंग चढत जातं. अनेकांत ते वर्ष-दोन वर्षांत नेहमीच्या पातळीला येतं. २० टक्के पंपिंगच्या मोठ्या माणसाच्या बाबतीत जी आशा सहसा धरता येत नाही, ती इथे धरता येते.

योग्य नळ, चुकीची बाजू

आता मैदानावरचा मुलगा. इथे दोन्ही करोनरी महाधमनीतूनच निघतात, पण एक जण शेजाऱ्याच्या सायनसमधून. डावी उजव्यातून निघाली तर अधिक धोकादायक, उजवी डाव्यातून निघाली तर तुलनेनं कमी, पण ती बरीच जास्त आढळते. अमेरिकी लष्कराच्या मूलभूत प्रशिक्षणात १९७७ ते २००१ या काळात इजा नसताना अचानक मेलेल्या १२६ जवानांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ६४ जणांच्या हृदयात दोष सापडला, आणि त्यांतल्या २१ जणांत डावी करोनरी उजव्या सायनसमधून निघून दोन मोठ्या नळांच्या मधून गेलेली होती.

दोन नळांच्या मधून जाते म्हणून ती व्यायामात चिमटली जाते, असं चित्र अनेक ठिकाणी काढलेलं दिसतं. ते पटण्यासारखं आहे, पण फुप्फुसधमनीतला दाब इतका कमी असतो की ती करोनरीला फारसं चेपू शकत नाही. खरी अडचण महाधमनीच्या भिंतीतच असते. अशी करोनरी बहुधा काटकोनात बाहेर न पडता भिंतीच्या थरांमधून तिरकी काही मिलिमीटर जाते. तिचं तोंड गोल नसून फटीसारखं असतं, आणि भिंतीतला भाग लंबगोल, अरुंद. धावताना महाधमनी ताणते, भिंत फुगते आणि ती फट आणखी मिटते. नेमकी तेव्हाच रक्ताची गरज चार-पाच पट झालेली असते.

म्हणूनच विश्रांतीतला ईसीजी साफ असतो. याहून अडचणीची गोष्ट म्हणजे ट्रेडमिल चाचणीही साफ येऊ शकते. या दोषानं दगावलेल्या २७ तरुण खेळाडूंचा अभ्यास बासो आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या ज्या सहा जणांची ताण-चाचणी पूर्वी झाली होती, त्या सहाही चाचण्या सामान्य होत्या. त्यामुळे धावताना किंवा धावणं थांबताक्षणी बेशुद्ध पडलेल्या मुलाला ‘ऊन लागलं असेल, उपाशी असेल’ म्हणून सोडू नये. उभं राहून चक्कर येणं वेगळं आणि पळता पळता कोसळणं वेगळं. दुसऱ्यात करोनरींची तोंडं इकोत पाहिलीच पाहिजेत, आणि न दिसल्यास सीटी अँजिओ करावी. सीटीचा अहवाल ‘दोन नळांच्या मधून जाते’ एवढ्यावर थांबला तर शल्यचिकित्सकाला तो अपुरा आहे. तोंड फटीसारखं आहे का, भिंतीतला भाग किती मिलिमीटर आहे, आणि तो झडपेच्या सांध्याच्या वरून जातो की खालून, हे त्याला हवं असतं.

कोणाची शस्त्रक्रिया करायची यावर सर्वसाधारण सहमती अशी: रक्त कमी पडत असल्याचा पुरावा किंवा तशी लक्षणं असतील तर डावी असो वा उजवी, करायची. डावी उजव्यातून निघून दोन नळांमधून जात असेल तर लक्षणं नसतानाही तरुण वयात करणं योग्य धरलं जातं. उजवी डाव्यातून, लक्षणं नाहीत, चाचण्या स्वच्छ, तर लक्ष ठेवून थांबणंही योग्यच. डाव्या करोनरीची मागची फांदी उजवीकडून निघून महाधमनीच्या मागून वळसा घालत असेल, तर ती बहुधा निरुपद्रवी, तिला हात लावायचा नाही. फक्त पुढे कधी झडप बदलायची वेळ आली तर टाका तिच्यात जाऊ शकतो, म्हणून तिची नोंद मात्र हवी.

सर्वांत जास्त केली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे छप्पर उघडणं. हृदय थांबवून महाधमनी आडवी उघडतात, फटीसारख्या तोंडातून मिलिमीटरभर जाडीची शलाका आत सरकवतात. भिंतीतल्या बोगद्यात ती कुठवर जाते ते आतून दिसतं. मग शलाकेवर बारीक कात्रीनं बोगद्याचं आतलं छप्पर, म्हणजे महाधमनी आणि करोनरी यांची सामाईक भिंत, कापून काढतात. फटीच्या जागी पाच-सहा मिलिमीटरचं, योग्य सायनसमध्ये उघडणारं तोंड तयार होतं. कापलेल्या कडा ८-० धाग्यानं ठिकठिकाणी टाचतात. तसं केलं नाही तर आतलं अस्तर सुटून दारासारखं फडफडतं आणि नव्या तोंडावर बसतं.

अडचण येते ती सांध्याची. झडपेच्या दोन पाकळ्या भिंतीला जिथे एकत्र टेकतात त्या सांध्याच्या मागूनच अनेकदा बोगदा जातो. बोगदा सांध्याच्या वर असेल तर सरळ उघडता येतो. खाली असेल आणि तसाच कापला तर पाकळीचा आधार जातो आणि झडप गळू लागते. म्हणजे धमनी सुधारली आणि झडप बिघडवली. अशा वेळी सांध्याच्या पलीकडे, योग्य सायनसमध्ये, नवीन तोंड तेवढं पाडतात, किंवा करोनरी भिंतीबाहेर जिथे येते तिथे कापून योग्य जागी रोवतात. भिंतीतला भाग फारच लहान असेल तर छप्पर उघडून काही साधत नाही, तेव्हाही पुनर्रोपणच. काही जणांत फुप्फुसधमनी डावीकडे सरकवून मधली जागा मोकळी करतात, पण ती एकट्यानं सहसा पुरत नाही, कारण मूळ अडचण त्या जागेत नसून भिंतीत आहे.

आता तो बायपास. पन्नाशीतल्या माणसाची करोनरी चरबीनं कायमची अरुंद झालेली असते, म्हणून बायपासमधून सतत रक्त वाहतं. या मुलाची करोनरी दिवसाचे तेवीस तास व्यवस्थित वाहते. नवी वाहिनी जोडली तरी रक्त जुन्या, मोठ्या वाटेनंच जातं. नव्या वाहिनीत प्रवाह मंद पडतो आणि ती सुतासारखी बारीक होऊन बंद होते. मग ज्या क्षणासाठी ती लावली, त्या क्षणी ती नसतेच. म्हणून बायपास इथे फसलेल्या शस्त्रक्रियेनंतरचा आधार म्हणून. स्टेंटही वाढत्या वयात नकोच: धमनी वाढते, स्टेंट वाढत नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही महिने अ‍ॅस्पिरिन देतात. छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. साधारण तीन महिन्यांनी इको, सीटी आणि पुरेपूर दमवणारी ताण-चाचणी करतात, आणि सगळं ठीक असेल तरच स्पर्धेतल्या खेळाला परवानगी मिळते. नुसतं ‘बरं वाटतंय’ यावर नाही, कारण त्याला शस्त्रक्रियेआधीही बरंच वाटत होतं.

फिस्टुला आणि इतर

करोनरी फिस्टुलात धमनी शेवटाला स्नायूत न विरता थेट हृदयाच्या एखाद्या कप्प्यात उघडते, बहुधा उजव्या बाजूच्या. छोटे फिस्टुला कायम निरुपद्रवी राहू शकतात. मोठ्यांत स्टेथोस्कोपला सतत घरघर ऐकू येते. आता बहुतेक मोठे फिस्टुला पायातून किंवा मनगटातून नळी घालून कॉइल (तारेचं बारीक वेटोळं) किंवा बटणासारख्या उपकरणानं बंद करतात. फार वळणाचे, अनेक तोंडांचे, किंवा बंद करताना चांगली फांदीही अडेल असे असतील तर शस्त्रक्रिया. तिच्यात कायमची गाठ मारण्याआधी फिस्टुला काही मिनिटं दाबून धरतात आणि ईसीजी पाहतात. एसटी हलला तर त्या पलीकडे जिवंत स्नायू आहे, गाठ चुकीच्या जागी पडतेय. काम झाल्यावर एक गंमत उरते. वर्षानुवर्षं फुगलेली धमनी आता आंधळी गल्ली झालेली असते, तिच्यात रक्त रेंगाळतं आणि गुठळी होऊ शकते. म्हणून ‘भोक बुजलं, औषध कशाला’ असं म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःहून थांबवू नये.

दुसऱ्याच दोषासाठी छाती उघडल्यावर करोनरी आडवी येणं हाही याच कुळातला विषय. फॅलोट्स टेट्रॉलॉजी हा जन्मजात हृदयदोष असलेल्या सुमारे पाच टक्के मुलांत हृदयाच्या पुढच्या बाजूची महत्त्वाची फांदी उजव्या करोनरीतून निघून, नेमकी जिथे कापायचं तिथूनच आडवी जाते. ते आधी माहीत नसेल तर कात्री तिच्यावरच पडते. माहीत असेल तर बाजूनं नळी टाकून वाट काढतात.

महाराष्ट्रात अशा बाळांची वाट बहुधा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकातून किंवा गावातल्या बालरोगतज्ज्ञांकडून सुरू होते. या कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहेत, म्हणून अंगणवाडीतल्या किंवा शाळेतल्या तपासणीत दूध पिताना घाम येणं, वजन न वाढणं, पळताना बेशुद्ध पडणं हे आवर्जून सांगावं.

अल्कापाच्या मुलांचा पाठपुरावा आयुष्यभराचा असतो आणि त्यात एक फसवी गोष्ट आहे. नव्या जोडाची जागा पुढे अरुंद झाली तरी मुलाला काही जाणवत नाही, कारण बाळपणी तयार झालेल्या जुन्या जोडवाहिन्या पुन्हा कामाला लागतात आणि तूट झाकतात. इकोत पंपिंगही चांगलंच दिसतं. म्हणून पळता येण्याच्या वयात ताण-चाचणी, आणि शाळेत स्पर्धात्मक खेळ सुरू करण्याआधी एकदा सीटी अँजिओ करून जोड प्रत्यक्ष पाहावा लागतो. त्या वेळी रेडिओलॉजिस्टला पहिली लागणारी वस्तू म्हणजे मूळ ऑपरेशन नोट: थेट पुनर्रोपण की बोगदा, कोणत्या बाजूला, भिंतीची पट्टी वापरली का. डिस्चार्ज कार्डावर हे सहसा एका ओळीत उरकलेलं असतं. पूर्ण नोट रुग्णालयाकडे मागून घ्यावी आणि लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवावी.